ब्रूडिंगच्या बुखारीला दुय्यम हवा कुठून द्यायची? मोर्शी तालुक्यातलं एक प्रकरण

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका गावातलं हे प्रकरण आहे. करारावर ब्रॉयलर पाळणारं कुटुंब, अडीच हजार पक्ष्यांचं एक शेड. कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषधं देते. शेड, मजुरी, वीज आणि ब्रूडिंगचा, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याचा, खर्च शेतकऱ्याकडे. विदर्भात पोल्ट्री म्हटलं की सगळे उन्हाळ्यातल्या मरतुकीबद्दल बोलतात, पण या कुटुंबाला खरा फटका बसायचा तो डिसेंबर-जानेवारीच्या बॅचमध्ये. पहिल्या दिवशी पिल्लाला ३२ ते ३४ अंश लागतात, मग दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवत न्यायचं असतं. बाहेर पहाटे सात-आठ अंश. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, म्हणजे या भागात थंडी पडतच नाही असं धरून शेड चालवता येत नाही.

गॅसचे ब्रूडर त्यांनी वापरून पाहिले होते. सिलिंडरचा खर्च पक्ष्यामागे मिळणाऱ्या पैशातून निघेना. विजेचे बल्ब रात्री वीज गेली की बंद. मग आसपासच्या बऱ्याच शेडांसारखी त्यांनीही लाकडाची बुखारी केली: दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम आडवा ठेवलेला, पुढे दार, मागे वरून पाच इंची धुराडं, दाराच्या खाली हवेसाठी एक फट. चांगली तापायची. पण धुराड्याच्या सांध्यांतून काळं डांबर गळायचं, दार उघडलं की धूर शेडमध्ये यायचा आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाकडं भसाभसा संपायची. मोठा भाऊ म्हणाला, "रातच्याले दोन दोन घंट्यानं उठा लागते. धूर भरला का पडदे उघडा लागते, अन् पडदे उघडले का पिल्लं एका जागी गोळा होते."

या एका वाक्यात पूर्ण अडचण आली. थंडी आणि कोंदट हवा एकत्र आली की ब्रॉयलरच्या हृदयावर आणि फुप्फुसावर ताण येतो, पोटात पाणी साठतं आणि महिन्याभराचे झालेले पक्षी अचानक मरायला लागतात. ऊब दिली तर धूर, धूर काढला तर गारठा. बुखारी सुधारायला मला बोलावलं तेव्हा घरात तिला "वरची हवा", म्हणजे लाकडाच्या वर ज्वाळेला वेगळी मिळणारी दुय्यम हवा, द्यायची हे ठरलेलं होतं. ती कशी द्यायची यावर मात्र तीन मतं होती. वडिलांचं म्हणणं, ड्रमला वरच्या बाजूने भोकं पाडा, काम संपलं. वेल्डिंगच्या मिस्त्रींचं म्हणणं, ड्रमवर दुसरा पत्रा गुंडाळून दुहेरी भिंत करू, मधल्या पोकळीतून हवा तापून येईल. धाकट्या भावाने मोबाइलवर परदेशी बुखाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले होते; त्याला बुखारीच्या आत, तिच्या छताखाली भोकांच्या नळ्या हव्या होत्या.

तिन्ही गोष्टी जगात कुठे ना कुठे चालतात. प्रश्न या शेडमध्ये, या लाकडावर काय चालेल एवढाच होता.

वरची हवा कशासाठी

लाकूड लाकूड म्हणून फार थोडं जळतं. तापलं की त्याच्या कोरड्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग वायू आणि वाफ होऊन बाहेर पडतो, उरतो तो कोळसा. कोळसा खालच्या हवेवर जळतो. वायूंना मात्र निखाऱ्यांमधून वर येईपर्यंत प्राणवायू शिल्लकच राहत नाही. तिथे, ज्वाळेच्या उंचीवर, वेगळी हवा मिळाली आणि तापमान सहाशे अंशांच्या वर टिकलं तर ते वायू पेटतात. नाही मिळाली, किंवा मिळाली पण थंडगार मिळाली, तर तेच वायू धूर म्हणून निघून जातात आणि धुराड्याच्या गार भागात डांबर होऊन बसतात. सांध्यांतून गळणारं काळं पाणी म्हणजे विकत घेतलेली किंवा फोडून आणलेली उष्णताच होती.

म्हणून दुय्यम हवेकडून तीन अपेक्षा असतात. ती गरम असावी, वायूंमध्ये घुसून मिसळावी, आणि मिसळल्यावर त्यांना गरम जागेत क्षणभर थांबायला मिळावं. यातली तिसरी अपेक्षा लोक विसरतात. जुन्या बुखारीत ज्वाळा मागच्या धुराड्यात थेट शिरत होती. तिथे हवा कुठूनही दिली असती तरी जळायला वेळच नव्हता.

आधी इंधन बघितलं

मी नळीवर बोलण्याआधी लाकडाच्या ढिगाकडे गेलो. माझ्या मते या प्रकरणातला निम्मा निर्णय तिथेच झाला.

ढिगात दोन प्रकार होते: पाण्याअभावी आणि डिंक्या रोगाने गेलेल्या जुन्या बागेतली संत्र्याची लाकडं, आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, मोठा ढीग. तुराट्या जानेवारीत तूर निघाली की येणार होत्या. संत्र्याचं लाकूड जड, घट्ट आणि सावकाश जळणारं. पऱ्हाटी आणि तुराटी बारीक. पेटली की सगळा वायू काही मिनिटांत सोडून मोकळी होते. एकाच बुखारीला ही दोन्ही इंधनं घातली तर लागणाऱ्या दुय्यम हवेत कित्येक पटींचा फरक पडतो. पऱ्हाटीचा भारा टाकल्याबरोबर शेडमध्ये धूर येण्याचं कारण हेच होतं: एकदम सुटलेल्या वायूला धुराडं आणि हवेची फट दोन्ही अपुरी.

पऱ्हाटीबद्दल आणखी एक अडचण होती, आणि ती बुखारीपेक्षा मोठी आहे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या, किडक्या बोंडांत दडून राहते आणि पुढच्या हंगामाच्या कपाशीवर जाते. २०१७ च्या हंगामात विदर्भाने तिचा जो तडाखा पाहिला, त्यानंतर कृषी विभाग दरवर्षी सांगतो की वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावा, बांधावर गंजी रचू नका. फेब्रुवारीत उपटलेली पऱ्हाटी डिसेंबरच्या बॅचसाठी शेताजवळ साठवणं म्हणजे अळीला घर देणं. वडिलांना हे पटायला वेळ लागला, कारण फुकटचं सरपण सोडायचं कसं? शेवटी ठरलं ते असं: पऱ्हाटी उन्हाळ्यातच घरच्या चुलीला आणि वीटभट्टीला जाईल, बुखारीचं मुख्य इंधन संत्र्याची लाकडं राहतील, आणि तुराट्या पेटवणीपुरत्या. दुय्यम हवेचा हिशेब मग जाड लाकडासाठी करता आला.

लाकडाची ओल पाहणं बाकी होतं. पावसाळ्यात उपटलेल्या झाडांची खोडं अजून ओली होती. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर भेगा नव्हत्या आणि दोन तुकडे एकमेकांवर वाजवले तर टणक आवाज येत नव्हता. ओल्या लाकडातलं पाणी वाफ करायला उष्णता जाते ती तशी फार नसते. खरा तोटा ज्वाळेचं तापमान पडण्याचा असतो. ते पडलं की कितीही नेटकी नळी बसवा, वायू पेटत नाहीत. ओल वीस टक्क्यांच्या आत हवी. विदर्भासारखा उन्हाळा लाकूड वाळवायला दुसरीकडे मिळायचा नाही. मार्चपर्यंत फोडून, तुकडे करून उघड्यावर रचले, तर मृगापर्यंत ते खणखणीत होतात. मग फक्त वरून झाकायचं. त्या हंगामापुरती मात्र आधीच्या वर्षीची वाळलेली लाकडं वेगळी काढून घेतली आणि ओली खोडं पुढच्या वर्षासाठी फोडून ठेवायला सांगितली.

तीन प्रस्ताव, आणि एक जो घेता आला नाही

वडिलांची भोकं सगळ्यात स्वस्त होती आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त धुराड्याच्या ओढीवर चालणाऱ्या बुखारीत भोकातून येणाऱ्या हवेचा जोर फार कमी असतो; ती भिंतीपासून चार-सहा बोटं आत जाते आणि वर वळते. ड्रमचा व्यास ५७ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे मधल्या वायूंपर्यंत ती पोचणारच नाही. शिवाय ती सात-आठ अंशांची हवा, थेट ज्वाळेच्या कडेवर. ज्वाळा कडेने काळी पडते आणि काजळी वाढते.

मिस्त्रींची दुहेरी भिंत विचारपूर्वक सुचवलेली होती. लहान उभ्या चुलींमध्ये ही रचना सुरेख चालते. पण इथे ड्रमचा पत्रा हाच शेड तापवणारा भाग आहे. त्यावर दुसरा पत्रा चढवला की पिल्लांकडे जाणारी थेट धग अडते, आणि आतल्या पत्र्याची उष्णता बाहेर जायला जागा न राहिल्याने तो आणखी लाल होतो. ड्रमचा पत्रा एक-सव्वा मिलिमीटरचा. तो आत जळून गेला तर बाहेरून दिसणारही नाही, आणि दिसला तरी बदलता येणार नाही. बंद पडद्यांच्या शेडमध्ये, जिथे रात्री माणूसही झोपतो, न दिसणारी गळती मला नको होती.

चौथा पर्याय मी स्वतः टेबलावर ठेवला होता, कारण जळण्याच्या दृष्टीने तो सर्वांत चांगला आहे. नेदरलँड्सचे पीटर व्हॅन डेन बर्ग यांनी विकसित केलेल्या विटांच्या भट्टीत ज्वाळा एका अरुंद उभ्या फटीतून मागच्या उभ्या नळकांड्यात जाते आणि दुय्यम हवा नेमकी त्या फटीच्या तोंडाशी सोडली जाते. हवेच्या मार्गाचा छेद नळकांड्याच्या छेदाच्या पाच टक्के एवढाच. मिसळण अतिशय जोरकस होते. पण त्याला उष्णता धरून ठेवणाऱ्या विटांचं बांधकाम लागतं, आणि ही बुखारी दोन-तीन आठवड्यांनी शेडमधून उचलून बाहेर न्यायची असते. पक्षी मोठे झाले की त्यांना ती नको, आणि बॅच गेल्यावर शेड धुवायचं, चुना मारायचा. बांधलेली भट्टी मध्ये ठेवून ते होत नाही. घर तापवायचं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

राहिल्या धाकट्याच्या नळ्या. त्यांचा दोष सगळ्यांना माहीत होता: नळी ज्वाळेत असते, साधं लोखंड साडेपाचशे-सहाशे अंशांच्या वर पापुद्रे सोडत खराब होतं. मिस्त्रींनी तेच विचारलं, "भाऊ, हे पाइप टिकन का?" टिकणार नाही, हे उत्तर धरूनच रचना केली. नळी बदलायला सोपी असली तर तिचं जळणं हा देखभालीचा विषय होतो, बुखारीचा शेवट होत नाही. आणि जळलेली नळी दार उघडलं की समोर दिसते. माझ्यासाठी निर्णय फिरवणारी गोष्ट ही होती.

भोकांचा हिशेब

इथे थोडं रेंगाळतो, कारण बहुतेक घरगुती बुखाऱ्यांत भोकं ड्रिलच्या हाताशी असलेल्या बिटाप्रमाणे पडतात.

पिल्लामागे दोन वॅट हा पोल्ट्रीतला प्रचलित ठोकताळा धरला तर अडीच हजार पिल्लांना पाच किलोवॅट. गारठ्याच्या रात्रीसाठी साडेसात धरले. वाळलेल्या लाकडाच्या किलोमध्ये सुमारे १५ मेगाज्यूल असतात. ताशी तीन किलो जाळून त्यातली साठ टक्के उष्णता शेडला मिळाली तर साडेसात किलोवॅट होतात. तीन किलो लाकडाला कागदोपत्री पंधरा किलो हवा पुरते. प्रत्यक्षात दीड ते दोन पट लागते, म्हणून सत्तावीस किलो धरली. त्यातली साधारण निम्मी वरून, म्हणजे ताशी तेरा-साडेतेरा किलो.

ही हवा ओढणार कोण? धुराडं. चार मीटर उंची, आतल्या धुराचं सरासरी तापमान दोनशे अंश, बाहेर दहा, तर ओढ जवळपास २० पास्कल येते. वळणं, झडप आणि घर्षण वजा जाता भोकांपाशी दहा पास्कल मिळतील असं धरलं. नळीत हवा अडीचशे अंशांपर्यंत तापली तर भोकातून ती सेकंदाला पाच मीटरच्या थोडी वर वेगाने सुटते. भोकातून सुटताना झोत आकसतो आणि भोकाचा साधारण दोन तृतीयांश भागच कामी येतो; ते धरून या वेगाने तेवढी हवा जायला भोकांचं एकूण क्षेत्रफळ पंधरा-सोळा चौरस सेंटीमीटर लागतं.

इथे लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. हवा तापवली की ती फुगते, विरळ होते, आणि तेवढ्याच वजनाच्या हवेला जास्त मोठी वाट लागते. थंड हवेसाठी हाच हिशेब केला तर साडेअकरा चौरस सेंटीमीटर पुरले असते. थंड हवेवर पाडलेली भोकं नंतर गरम नळीवर तशीच वापरली तर हवा कमी पडते, आणि लोक म्हणतात की नळ्यांनी काही फरक पडला नाही.

आठ मिलिमीटरचं एक भोक अर्ध्या चौरस सेंटीमीटरचं. तीस भोकं, दोन नळ्यांत पंधरा-पंधरा. सहा मिलिमीटरची बावन्न-त्रेपन्न भोकं पाडली असती तर मिसळण थोडी बरी झाली असती, पण बारीक भोकं धुळीने आणि लोखंडाच्या पापुद्र्यांनी लवकर बुजतात. सव्वा इंची नळीचा आतला छेद साडेनऊ चौरस सेंटीमीटर, तिच्यावरच्या भोकांची बेरीज साडेसात. हे प्रमाण उलटं होऊ द्यायचं नाही. भोकांची बेरीज नळीपेक्षा जास्त झाली की पहिली चार भोकं सगळी हवा खातात आणि टोकाची उपाशी राहतात. दोन्ही नळ्यांना हवा पुरवायला पन्नास बाय पन्नासचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला. त्याचा छेद एकवीस चौरस सेंटीमीटर, म्हणजे तीस भोकांच्या बेरजेहून ऐसपैस.

बांधणी

ड्रम स्वच्छ तेलाचा होता. कीटकनाशकाचा किंवा कुठल्याही रसायनाचा ड्रम या कामाला घेऊ नये, आणि तेलाचाही कापण्याआधी दोन्ही बुचं उघडून, धुऊन, पाण्याने भरून घ्यावा. आत राहिलेल्या वाफेने कापताना ड्रम फुटून माणसं गेलेली आहेत. नळ्यांसाठी मिस्त्रींकडे पडून असलेला जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप नाकारला. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि लाल नळीवरून त्याचा धूर निघतो. तो शेडमध्ये नको आणि वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीतही नको.

आत तळाला आणि बाजूंना भट्टीच्या विटा रचल्या. छताखाली, ड्रमच्या वरून साधारण वीतभर खाली, अँगलच्या पट्ट्यांवर पातळ भट्टी-विटांची आडवी पाटी बसवली, दाराकडच्या बाजूला चार बोटांची मोकळी जागा ठेवून. आता ज्वाळेला आधी पुढे दाराकडे यावं लागतं, तिथून वर वळून पाटीच्या डोक्यावरून मागे धुराड्याकडे. तिसऱ्या अपेक्षेची, गरम जागेत थांबण्याची, सोय या पाटीने झाली. नळ्या या पाटीच्या लगेच खाली, ड्रमच्या रुंदीत आडव्या. पाटीचं वजन नळ्यांवर टाकलं नाही. तापलेली नळी वजनाने वाकते.

चौकोनी पाइप मागून खालून शिरतो, बाजूच्या विटांमागून पुढे येतो आणि वर चढतो. वाटेत हवा तापते. नळ्या त्याला वेल्ड केलेल्या नाहीत. पाइपला थोड्या मोठ्या व्यासाची बुशी, म्हणजे नळीचा आखूड तुकडा, आहे, नळीचं एक टोक तिच्यात सरकवायचं, दुसरं बंद टोक समोरच्या खाचेत टेकवायचं. वाढायला जागा मिळते, आणि बदलायची झाली तर पाटीची वीट उचलून हाताने काढता येते.

हवा कुठून घ्यायची यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. शेडमधली हवा आधीच गरम, तीच घ्यावी हे सरळ वाटतं. पण त्या हवेत पक्ष्यांखाली अंथरलेल्या तुसाची धूळ असते, पिसांचा कोंडा असतो. एका बॅचमध्ये भोकं बुजली असती. आणि ताशी सत्तावीस किलो म्हणजे बावीस घनमीटर गरम हवा शेडमधून ओढली की तेवढीच गार हवा पडद्यांच्या फटींतून पिल्लांच्या अंगावर येते. म्हणून दुय्यम हवा बाहेरून, जमिनीखालच्या पाइपने आणली. खालची हवा मात्र शेडमधूनच राहू दिली, तेवढं वायुवीजन पिल्लांना हवंच. बाहेरचं तोंड एकाच दिशेला ठेवलं नाही. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला तोंड असेल तर झोत फिरल्यावर तिथे उलटी ओढ लागते आणि धूर त्या पाइपातून मागे येऊ शकतो. टी लावून दोन्ही बाजूंना तोंडं काढली आणि उंदरांसाठी जाळी बसवली.

पेटवल्यावर

तुराट्यांवर पेटवली तेव्हा पहिली काही मिनिटं नळ्यांनी काहीच केलं नाही, आणि वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. नळ्या तापायला वेळ लागतो. संत्र्याची लाकडं धरली, पाटीच्या विटांचा रंग बदलला आणि मग भोकाभोकापाशी गॅसच्या शेगडीसारख्या ज्वाळा धरल्या. लाकडापासून सुटलेल्या, वरच्या वर जळणाऱ्या. धाकटा भाऊ बाहेर धावला. धुराड्याच्या तोंडाशी उन्हाची थरथर दिसत होती, धूर नव्हता.

सगळं लगेच जमलं असं झालं नाही. भोकांची तोंडं सुरुवातीला सरळ खाली होती. हवा लाकडांवर फुंकल्यासारखी पडायची, वरचा थर झपाट्याने जळायचा आणि पाहिजे त्याच्या उलट, लाकूड लवकर संपायचं. नळ्या बुशीत फिरवून भोकं दाराच्या दिशेला, आडवीपेक्षा जराशी खाली केली. हवा आता लाकडाला न शिवता वायूंना आडवी भेटू लागली. नळ्या वेल्ड केल्या असत्या तर हे करायला ड्रम कापावा लागला असता.

दुसरा प्रश्न झडपेचा. खालच्या हवेला सरकती पट्टी होतीच. घरच्यांची सवय अशी की रात्री अकराला बुखारी गच्च भरायची आणि पट्टी पूर्ण बंद करायची, म्हणजे पहाटेपर्यंत निखारा टिकतो. वरच्या हवेलाही तशीच पट्टी हवी असा आग्रह होता. मी ठाम नकार दिला. दोन्ही हवा बंद करून धुमसत ठेवलेलं लाकूड कार्बन मोनॉक्साइड बनवतं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्या शेडमध्ये मोठा भाऊ पलंग टाकून झोपतो. पण धाकट्याने मांडलेला मुद्दाही खरा होता: शेवटी नुसते निखारे उरतात तेव्हा वरची हवा कुणाच्याच कामाची नसते, उलट बुखारी थंड करते. मार्ग असा निघाला की वरच्या हवेला झडप दिली, पण तिला खिळ्याचा अडथळा लावला. ती निम्म्याच्या पुढे बंदच होत नाही. खालच्या पट्टीलाही तसाच अडथळा. आणि पलंगाच्या उशाशी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टांगायला लावला. ही वस्तू मी ऐच्छिक मानत नाही. बंद शेडमध्ये किंवा बंद खोलीत लाकूड, कोळसा काहीही जळत असेल आणि माणूस झोपणार असेल तर ती हवीच.

भरण्याची पद्धतही बदलावी लागली. एकदम गच्च भरण्याऐवजी निखारे पुढे ओढायचे आणि तीन-चार जाड तुकडे मागे एकमेकांना खेटून ठेवायचे. लाकूड समोरून मागे जळत जातं, वायू हप्त्याहप्त्याने सुटतो आणि नळ्यांच्या आवाक्यात राहतो. बॅचच्या रात्रींत मोठ्या भावाचं उठणं दर चार तासांवर आलं. लाकूड आधीपेक्षा किती कमी लागलं हे वजन करून ठेवलेलं नाही, म्हणून आकडा देत नाही; ढीग पाहून घरच्यांना फरक कळत होता, आणि सांध्यांतलं डांबर थांबलं होतं. पडदे मात्र त्यांनी वरून चार बोटं उघडे ठेवायला सुरुवात केली, जे आधी धुराशिवाय कधी उघडत नसत. माझ्या दृष्टीने पिल्लांसाठी झालेला सर्वांत मोठा फायदा तो होता.

हंगामानंतर

नळ्या बाहेर काढल्या तेव्हा पुढची, दाराकडची नळी मधोमध झुकलेली होती आणि तिची भोकं पापुद्र्यांनी थोडी लहान झालेली. मागची जवळजवळ नवी. तापमान कुठे जास्त होतं याचा हा सरळ पुरावा. पुढच्या नळीच्या जागी एस.एस. ३०४ या स्टेनलेस स्टीलची, दोन मिलिमीटर जाडीची नळी बसवली. ती महाग आहे, पण एकच लागते. मागच्या बाजूला साधं लोखंड पुरतं. ड्रमच्या डोक्यावरचा, पाटीच्या वरच्या मोकळ्या जागेसमोरचा पत्रा पातळ व्हायला लागला होता. तिथे बाहेरून वाकवलेली तीन मिलिमीटरची प्लेट लावायला सांगितली आहे, आणि दर बॅचपूर्वी दिवसा पेटवून, शेड रिकामं असताना, सांध्यांवरून उदबत्ती फिरवून पाहायला. धूर आत ओढला गेला तर ठीक, बाहेर ढकलला गेला तर आधी दुरुस्ती.

हे पाहून शेजारच्या गावातल्या पाच हजार पक्ष्यांच्या शेडवाल्याने तशाच तीस भोकांच्या नळ्या आपल्या उभ्या ड्रमला बसवण्याचं ठरवलं होतं. त्याला थांबवावं लागलं. उभ्या ड्रममध्ये ज्वाळेला आडवा प्रवासच नसतो, त्यामुळे नळ्या कुठे बसवायच्या हाच प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. आणि ताशी सहा किलो लाकडाला भोकांचं क्षेत्रफळ तीसच्या आसपास चौरस सेंटीमीटर लागेल, म्हणजे साठ भोकं; ती दोन सव्वा इंची नळ्यांत बसत नाहीत, चार नळ्या हव्यात, चौकोनी पाइप मोठा हवा, आणि धुराडं सहा इंची केलेलं बरं. त्याच्याकडे इंधन बाभळीचं आहे. ते चांगलं वाळलेलं असेल तर बाकीचा हिशेब वरच्यासारखाच मांडता येईल. त्याची शेडची उंची आणि धुराड्याची जागा मोजून झाली की नळ्या कापायला घेऊ.